कीडाजडी मशरूमनं किडनी वाचते का? (दाजींसाठी विचारतोय)

सातरस्ता_सोलापूर
नमस्कार मंडळी. नेहमी नुसता वाचत असतो हितं, आज कामाचं विचारायचंय. माझे दाजी, वय ५८, शुगर जुनी, बीपीची गोळीपण चालू. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. पाय सुजायला लागले म्हणून तपासलं तर क्रिएटिनीन (रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो) २.१, ईजीएफआर (किडनी किती चालते त्याचा आकडा) ३६, लघवीतून प्रोटीन जातंय. फॅमिली डॉक्टरनी किडनीवाल्या डॉक्टरकडं चिठ्ठी दिली, त्यांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात.

तोवर काय झालं, अक्काला कुणीतरी जुळे सोलापुरात एका हॉलमधल्या "आरोग्य सेमिनार"ला घेऊन गेलं. चहा, बाकरवडी, स्लाईड शो. येताना हातात डबी, हिमालयातली कीडाजडी म्हणून, ६० कॅप्सूल ३२०० रुपये. तीन डब्यांचा कोर्स केला की क्रिएटिनीन एकच्या आत येतं म्हणे. डबी देणारा आमच्याच भावकीतला, त्यामुळं तोंडावर नाही म्हणता येईना. आता मी नेटवर बघितलं तर चीनमध्ये हे खरंच किडनीला देतात असं दिसतंय, म्हणजे अगदीच हवेतली गोष्ट नाही. कुणाचा अनुभव? सुरू करावं का? आणि "साईड इफेक्ट शून्य" हे कितपत खरं?

कडकभाकरी
साईड इफेक्ट आहे की. खिशावर होतो. ९६०० चा.

शेंगाचटणी
बाकरवडी फुकट होती ना, मग झालं. आमच्याकडं मागं मॅग्नेटची गादी विकायला आलते, तवा नुसता चहाच दिला बे.

मेडिकलवाला
हसू नका रे, माणूस टेन्शनमध्ये आहे. @सातरस्ता, पहिलं काम, डबीच्या मागचं लेबल जसंच्या तसं टाक. पुढचं चित्र नको, मागची बारीक अक्षरं.

सातरस्ता_सोलापूर
अक्काकडनं फोटो मागवला. पुढं बर्फाचा डोंगर आणि त्यावर केशरी रंगाच्या काड्यांचा गुच्छ. मागं इंग्रजीत : कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस पावडर ५०० मिग्रॅ, कॅप्सूलचं कवच, मग १४ आकडी एफएसएसएआय नंबर, "हेल्थ सप्लिमेंट", आणि सगळ्यात खाली चौकटीत "नॉट फॉर मेडिसिनल यूज". मोबाईलवर झूम केल्याशिवाय वाचता येईना. किडनीचं नाव कुठंच नाही, ते सगळं तोंडी होतं.

मेडिकलवाला
मला हेच वाटलंतं. एफएसएसएआय म्हणजे खाद्यपदार्थाचं लायसन, शेंगाचटणीच्या पाकिटावर असतं तेच. औषधाचं लायसन वेगळं, त्याला बॅच, चाचण्या, एफडीए सगळं आलं. छापून "किडनी बरी होते" म्हणलं की १९५४ चा औषध आणि जादूटोणा उपायांच्या जाहिरातीचा कायदा लागतो, त्यात किडनीचा आजार जुन्या नावानं, ब्राइट्स डिसीज म्हणून, यादीत आहेच. तोंडी जाहिरातीलाही तो लागतोच, पण छापलं की पुरावा राहतो, म्हणून छापत नाहीत, हॉलमध्ये माईकवर सांगतात.

शेंगाचटणी
माझं नाव मधी आणू नको 😀

बुग्याल_भटक्या
चित्रातच गडबड आहे. हिमालयातली खरी कीडाजडी केशरी नसते. मी उत्तराखंडात मुनस्यारीच्या वर मे महिन्यात ट्रेकला गेलतो तेव्हा बघितली. साडेतीन हजार मीटरच्या वर, बर्फ नुकतं वितळलेलं, आणि अख्खं गाव वर तंबू टाकून बसलेलं, बायका पोरं सगळे. लोक अक्षरशः पोटावर पडून गवतात बघत सरकत असतात. एका पोरानं दाखवली तरी मला दिसेना, मग त्यानं बोट लावलं. गवतातनं काळपट तपकिरी काडी दोनेक इंच वर आलेली, बस. त्यानं बाजूची माती चाकूनं हळू सैल केली आणि खाली पिवळट अळी निघाली, पाय, वळ्या सगळं शाबूत, पण आतनं मेलेली. जमिनीत राहणाऱ्या एका पतंगाची अळी असते, बुरशी तिच्या शरीरात शिरते, आतलं सगळं खाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर डोक्यातनं बाहेर येते. तो पोरगा ती टूथब्रशनं घासून साफ करत होता आणि मोडू नये म्हणून श्वास धरलेला, कारण मोडली की भाव पडतो.

भाव किलोला लाखांत. ३२०० च्या डबीत ती येणं शक्यच नाही. आणि इतकी उपसली की २०२० मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेनं तिला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत टाकलं.

कडकभाकरी
डोक्यातनं बाहेर येते?? मी आत्ता जेवत होतो की बे.

अळंबीवाला_बार्शी
आता माझ्यावरच आलं म्हणून लिहितो. मी बार्शीत डबीवर लिहिलीय तीच कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस पिकवतो. बरण्यांत ब्राऊन राईस आणि पोषक द्रावण, सगळं ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक) करायचं, बुरशीचं कल्चर सोडायचं, आधी अंधार मग एलईडीचा उजेड, उजेडावरच तो केशरी रंग येतो. साधारण दोन महिने. तापमान १८ ते २२ पाहिजे आणि बाहेर आपल्याकडं एप्रिलमध्ये ४३, त्यामुळं नफा कुठं जातो विचारू नका, महावितरणकडं जातो. एक बरणी हिरवी पडली की ती लगेच उचलून बाहेर, नाहीतर रॅक गेला.

भटक्याचं बरोबर आहे, ही ती हिमालयवाली नाही, भावकीतली आहे. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी हिमालयवालीला वेगळ्या कुळातच टाकलं, ओफियोकॉर्डिसेप्स म्हणून. पण म्हणून मिलिटॅरिस फालतू नाही. कॉर्डिसेपिन नावाचा जो घटक सगळे मिरवतात तो १९५० च्या सुमारास पहिल्यांदा मिलिटॅरिसमधूनच वेगळा काढला. माझं एवढंच म्हणणं की माल खोटा नसतो, दावा खोटा असतो. मी स्वतः विकताना किडनीचं नाव काढत नाही. लोकच विचारतात, "डायलिसिस बंद होईल का?" मी म्हणतो काका डॉक्टरला विचारा. मग ते दुसरीकडनं घेतात.

पेठकरी_पुणे
किलोला लाख रुपये मिळतात म्हणून जे क्लासेस घेतात त्यांचं काय मग?

अळंबीवाला_बार्शी
मशरूमपेक्षा क्लासमध्ये जास्त पैसा आहे. पुढं बोलत नाही.

नेफ्रॉन
उशिरा आलो, ड्युटी होती. मूळचा विजापूर वेशीचा, सध्या पुण्यात किडनी विभागात शिकतोय. सल्ला त्यांचे डॉक्टर देतील, मी फक्त जे माहितीय ते सांगतो. लांब होईल.

@सातरस्ता, तुम्ही नेटवर वाचलंत ते खोटं नाही. तिबेटी वैद्यकात १५ व्या शतकातल्या ग्रंथात या बुरशीचा उल्लेख आहे, चिनी वैद्यकात ती फुप्फुस आणि किडनीसाठी म्हणून देतात. पण चिनी दवाखान्यात बहुतेक वेळा अळीवाली जडी मिळतच नाही. त्या जडीतनं वेगळ्या काढलेल्या बुरशीचे तंतू टाक्यांत आंबवून वाढवतात आणि त्यांच्या कॅप्सूल करतात, बाईलिंग आणि जिनशुईबाओ ही दोन नावं प्रसिद्ध. किडनीवरचे बरेच अभ्यास असल्याच प्रॉडक्टचे. उंदरांवर काम भरपूर आहे. जेंटामायसिन किंवा सायक्लोस्पोरिनसारखं किडनीला त्रास देणारं औषध द्यायचं आणि सोबत ही बुरशी द्यायची, तर नुकसान कमी दिसतं, किडनीत व्रणासारखे धागे बनण्याचं प्रमाण कमी दिसतं. हे इंटरेस्टिंग आहे, मी नाकारत नाही.

माणसांचं बघायचं तर २०१४ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास गोळा करून तपासणारी संस्था) सगळे अभ्यास गोळा केले, २२ निघाले, १७४६ रुग्ण. नेहमीच्या औषधांसोबत कॉर्डिसेप्स (म्हणजे ही कीडाजडीवाली बुरशी) दिल्यावर क्रिएटिनीन थोडं उतरलं, लघवीतलं प्रोटीन कमी झालं असं दिसलं. "सोबत" हा शब्द लक्षात ठेवा. आणि त्याच लोकांनी निष्कर्ष काय काढला, तर अभ्यासांचा दर्जा कमी, ठामपणे काही सांगता येत नाही. कुणाला कोणती गोळी द्यायची याची चिठ्ठी कशी काढली, डॉक्टरला ते माहीत होतं का, हेच धड लिहिलेलं नाही. डायलिसिस टळलं का, माणूस जास्त जगला का, याचं उत्तर त्यातून निघत नाही.

आता तुमच्या डबीकडं या. अभ्यास एका बुरशीच्या आंबवलेल्या तंतूंचा, डबीत दुसऱ्या बुरशीची पावडर, आणि चित्र तिसऱ्याच डोंगराचं. डोस जुळत नाही, जात जुळत नाही. त्यामुळं "चीनमध्ये सिद्ध झालंय" हे खरं धरलं तरी ते या डबीला लागू होत नाही.

निसर्गमित्र५६
आलेच ॲलोपॅथीवाले. शेकडो वर्षं लोक वापरतात ते काय वेडे? तुमच्या औषधांनीच किडन्या जातात. गरिबाला स्वस्त निसर्गोपचार मिळू नये म्हणून ही सगळी लॉबी. माझ्या मित्राच्या सासऱ्यांचं क्रिएटिनीन ३.४ वरनं २.६ वर आलं मशरूमनं, रिपोर्ट आहेत माझ्याकडं.

कडकभाकरी
३२०० ची डबी गरिबाला स्वस्त. बरं.

नेफ्रॉन
@निसर्गमित्र५६, औषधांनी किडनी जाते हे तुमचं अर्धं खरंय, पेनकिलरनी जाते. त्यावर मेडिकलवाल्यांनी लिहावं.

सासऱ्यांबद्दल: क्रिएटिनीन स्नायूंतनं येतं. माणूस घाबरून मटण सोडतो, जेवण तोडतो, वजन उतरतं, स्नायू झिजतात, तर आकडा आपोआप खाली येतो आणि किडनी होती तिथंच असते. आदल्या वेळी उलट्या-जुलाब किंवा उन्हानं पाणी कमी पडलं असेल तर तेव्हाचा आकडाच फुगलेला असतो. लॅब बदलली तरी थोडा फरक पडतो. त्यांचा ईजीएफआर, वजन आणि लघवीतलं प्रोटीन तिन्ही वेळोवेळचं असेल तर टाका, नावं खोडून, बघू.

आणखी एक, हे सगळ्यांनी वाचा. किडनी कमी चालायला लागली की इन्सुलिन अंगातनं लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळं जुन्या शुगरवाल्याची साखर आपोआप कमी दिसायला लागते. मग लोक म्हणतात, मशरूमनं शुगर पण बरी झाली! ती बरी झाली नसते, तो धोक्याचा सिग्नल असतो. त्यात वरनं शुगरची गोळी तेवढ्याच डोसची, तर पहाटे घाम फुटून माणूस बेशुद्ध. असा पेशंट बघितलाय.

मेडिकलवाला
पेनकिलरचं सांगतो. नाव घेऊन उपयोग नाही पण आपल्या पूर्वभागातलं चित्र सगळ्यांना माहितीय. यंत्रमागावर दिवसभर उभा माणूस, विड्या वळणारी बाई मान खाली घालून बसलेली, संध्याकाळी अंग ठणकतं. "एक लाल गोळी द्या की मालक." डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, रोज. ऊन ४४ चं, शेडवर पत्रा, पाणी प्यायला मशीन सोडता येत नाही. पाणी कमी आणि वर ही गोळी, किडनीचा रक्तपुरवठाच आवळला जातो. मी चिठ्ठीशिवाय रोजची देत नाही, तर शेजारच्या दुकानात मिळते.

@सातरस्ता, दाजी कारखान्यात आहेत म्हणजे गुडघ्याला-कंबरेला काहीतरी घेतच असणार. कीडाजडीचं नंतर, आधी हे विचार.

सातरस्ता_सोलापूर
विचारलं. डब्यात गोळ्यांची पट्टी निघाली, कधीपासनं घेतात तर "आठवत नाही". अक्कालापण माहीत नव्हतं. ती भडकलीय आता.

निसर्गमित्र५६
रिपोर्ट मित्राकडं मागितलेत. पण माझा मुद्दा तसाच आहे. चीनच्या मुलींनी १९९३ ला कॉर्डिसेप्स पिऊन जागतिक विक्रम मोडले ते पण खोटं का?

पेठकरी_पुणे
हाहा, हा मुद्दा येणारच होता. ८ सप्टेंबर १९९३, बीजिंग, वांग जुनशिया, १० हजार मीटर २९ मिनिटं ३१.७८ सेकंद. विक्रम रिओत २०१६ ला मोडला. कोच मा जुनरेन पत्रकारांना सांगायचा, कासवाचं रक्त आणि कॉर्डिसेप्स. पुढं सिडनी ऑलिंपिकच्या आधी रक्ततपासणीत गडबड निघाली आणि त्याच्या बहुतेक पोरी संघातनं बाहेर. आणि २०१६ मध्ये एक जुनं पत्र छापून आलं, त्यात वांगसकट धावपटूंनी डोपिंगची सक्ती होत होती असं लिहिलेलं. कॉर्डिसेप्सची जगात जाहिरात झाली ती या प्रकरणामुळं.

शेंगाचटणी
कासवाचं रक्त पण डबीत असतं का? शाकाहारी आहे म्हणून विचारतेय.

बुग्याल_भटक्या
शाकाहारी असाल तर खरी कीडाजडी तशीही बाद. खाली अख्खी अळी असते.

मंगळवेढेकरीण
मी इथं फार लिहीत नाही. आमच्या ह्यांचं आठवड्यातनं तीनदा डायलिसिस आहे, चार-चार तास, महात्मा फुले योजनेत होतंय म्हणून निभतंय. त्यामुळं हा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडंपण आलतं मशरूम, आमचं वेगळं होतं, काळी पावडर, कढईतल्या काजळीसारखी, रशियातली म्हणून. ह्यांचं तेव्हा क्रिएटिनीन चारच्या आसपास होतं. आणणाऱ्यानं सांगितलं की ॲलोपॅथीच्या गोळ्या सोबत घेतल्या तर मशरूम "काम करत नाही", सगळं बंद करा. ह्यांनी बीपीची गोळीपण बंद केली. पुढचं सांगत नाही. मला राग पावडरीचा नाही, "बाकीचं बंद करा" म्हणणाऱ्याचा आहे.

आता मार्च लागला की माझ्या पोटात गोळा येतो. दिवसाला एक लिटर पाणी, त्यात चहा, आमटी, गोळ्या गिळायचं पाणी सगळं धरून. सकाळी मी बाटली भरून ठेवते, जे काही पातळ दिलं तेवढं त्या बाटलीतनं कमी करते, म्हणजे दोघांनाही दिसतं किती उरलं. लिंबाचे थेंब टाकून बर्फाचे छोटे खडे करून ठेवते, एक खडा तोंडात धरला की अर्धा तास जातो. शेजारी कौतुकानं नारळपाणी घेऊन येतात, त्यांना परत पाठवताना वाईट वाटतं, पण पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबायची भीती. दाजींचं अजून ३६ आहे. फार वेळ आहे हातात. तो वेळ डबीला देऊ नका.

कडकभाकरी
मावशी, नमस्कार. तुमच्यापुढं माझी चेष्टा बंद.

नेफ्रॉन
मावशी, ती रशियातली काळी म्हणजे चागा असणार, बर्च झाडावर येते. तिच्यात ऑक्झलेट प्रचंड असतं. २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी एक केस छापली, ७२ वर्षांच्या बाई कॅन्सरसाठी चागा पावडर रोज चार-पाच चमचे घेत होत्या, सहा महिने. किडनीत ऑक्झलेटचे स्फटिक साचून डायलिसिसवर गेल्या. म्हणजे "औषधी मशरूम" नावाखाली एक किडनीला बरं असेलही, दुसरं किडनी घालवतं, आणि पावडर केल्यावर ओळखणार कोण?

कॉर्डिसेप्सलाही "शून्य साईड इफेक्ट" म्हणता येत नाही. २०१६ मध्ये चीनच्याच सरकारी यंत्रणेनं अळीवाल्या कॉर्डिसेप्समध्ये आर्सेनिक किलोला ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम सापडल्याचं जाहीर केलं, आरोग्य उत्पादनांची मर्यादा १ होती. वजन वाढवायला आत शिसं घातल्याच्या केसेसपण आहेत. धडधाकट माणूस यातलं काहीतरी बाहेर टाकेल, ३६ वाला कशानं टाकणार. किडनी बदललेल्या लोकांनी तर विचारल्याशिवाय हात लावू नये, प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबलेली असते आणि या बुरश्या नेमक्या तिलाच छेडतात.

निसर्गमित्र५६
चागा आणि कॉर्डिसेप्स एकत्र करू नका. एका झाडपाल्यानं बिघडलं म्हणून सगळाच झाडपाला वाईट का?

नेफ्रॉन
नाही, आणि तसं मी म्हणलं नाही. पण बेल्जियमचं उदाहरण ऐका. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्सला वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींची कॅप्सूल देत होते. एका वनस्पतीच्या जागी चुकून ॲरिस्टोलोकियाची जात आली. शंभरावर बायकांच्या किडन्या गेल्या, पुढं कित्येकींना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. त्यात ना कुणी ठग होता ना कंपनीची लॉबी. पुडीत नेमकं काय आहे हे तपासायची सोय नव्हती, एवढंच.

अडुळसा
मी वैद्य आहे, बीएएमएस, गावाकडं प्रॅक्टिस. मला दोन्ही बाजूंचं पटत नाही म्हणून लिहितो. हे कीडाजडीवाले हॉलमध्ये "आयुर्वेदिक" म्हणून बोलतात त्याचा मला त्रास होतो. कीडाजडी आपल्या संहितांत नाहीच. बुरशी सुश्रुतानं सांगितलीय ती भाजीत, पेंढ्यावरची, उसावरची, शेणावरची, बांबूवरची, जमिनीवरची असे प्रकार पाडून, आणि तिथं गुणदोष जेवणाच्या अंगानं आहेत. मूत्रवह संस्थेसाठी आमच्याकडं गोखरू, पुनर्नवा, वरुण आहेत, पण तीसुद्धा क्रिएटिनीन दोनच्या पुढच्या माणसाला मी किडनीवाल्या डॉक्टरशी बोलल्याशिवाय देत नाही. भस्मं तर नाहीच नाही.

आपल्याकडची खरी औषधी बुरशी बघायची तर फणसांबा. कोकणात जुन्या फणसाच्या खोडावर येते, लाकडासारखी कडक, खुराच्या आकाराची. अजून काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. पोराच्या तोंडातनं लाळ जास्त गळत असेल, तोंड आलं असेल तर सहाणेवर पाण्यात उगाळून लावतात.

शेंगाचटणी
अय्यो फणसांबा! माझी आजी सावंतवाडीची, तिच्या बटव्यात होता. सहाणेवर उगाळला की दगडावर पिवळट तपकिरी गंध यायचा आणि वास ओल्या लाकडाचा. बोटानं हिरड्यांना लावायची, तोंड असं आकसायचं की रडायलाच यायचं. लग्न करून सोलापुरात आले तर मधल्या मारुतीजवळच्या दुकानात पण मिळाला, मला केवढा आनंद.

मेडिकलवाला
हा ठीक आहे. आजी बोटानं लावायची, पाच रुपयाचा तुकडा तीन पोरांना पुरायचा आणि तिनं कधी स्लाईड शो केला नाही.

पेठकरी_पुणे
मंडळी, धागा सावंतवाडीला पोचला. किडनीकडं परत या.

निसर्गमित्र५६
मित्राकडनं रिपोर्ट आले. क्रिएटिनीन ३.४ चा रिपोर्ट जुलाब होऊन ॲडमिट होते तेव्हाचा आहे. २.६ नंतरचा. वजन कुठं लिहिलेलं नाही. मशरूम मधल्या काळात सुरू केलं. आता तुम्ही काय म्हणणार ते मला माहितीय. तरी माझं मत आहे की यावर आपल्याकडं सरकारनं नीट चाचणी करायला पाहिजे, सोलनला मशरूमचं एवढं मोठं राष्ट्रीय केंद्र आहे ते काय फक्त बटणासाठी का?

नेफ्रॉन
या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं. सोलनवाले पिकवण्याचं बघतील, चाचणी मात्र दवाखान्यात व्हावी लागते. एकच जात, ठरलेला डोस, निम्म्यांना कॅप्सूल निम्म्यांना दिसायला तशीच पोकळ, दोन-तीन वर्षं. असं कुणी केलं आणि जमलं तर मीच लिहून देईन. डॅपाग्लिफ्लोझिनचं असंच झालं. मुळात शुगरची गोळी, २०२० मध्ये ४३०४ किडनी रुग्णांवर चाचणी झाली, शुगर नसलेलेपण होते त्यात. किडनी ढासळणं, डायलिसिस किंवा किडनी-हृदयाच्या कारणानं मृत्यू, हे एकत्र धरून ३९ टक्क्यांनी कमी. त्याच वर्षी भारतात पेटंट संपलं, आज जेनेरिक गोळी दहा-पंधरा रुपयांत मिळते. सगळ्यांना चालत नाही, डॉक्टर ठरवतील. पण @सातरस्ता, भेटीत या गोळीबद्दल स्वतःहून विचारा.

अळंबीवाला_बार्शी
चाचणीला माल मी फुकट देतो. सिरीयसली. माझ्याकडं पडून आहे.

सातरस्ता_सोलापूर
काल भेट झाली. डबी घेऊनच गेलतो. डॉक्टर ओरडतील असं वाटलंतं पण त्यांनी चष्मा काढून ते बारीक लेबल वाचलं आणि म्हणाले, "असल्या डब्या रोज येतात. मला निदान दाखवता तरी." मग गुडघ्याची गोळी ऐकल्यावर मात्र ओरडले. ती पूर्ण बंद. बीपीची बदलून दिली, लघवीतलं प्रोटीन कमी करणारी. डॅपाग्लिफ्लोझिनचं विचारलं तर हो म्हणाले, सुरू केलीय. शुगरच्या एका गोळीचा डोस निम्मा केला. मीठ कमी, लोणचं-पापड बंद, दोन आठवड्यांनी क्रिएटिनीन आणि पोटॅशियम परत.

मशरूमबद्दल म्हणाले, आता एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यात, त्यात आणखी एक घातली तर काय कशानं झालं मला कळणार नाही, त्यामुळं नको. हे अक्काला पटलं. आणि भावकीतल्याला सांगायला आयतं कारण मिळालं, "डॉक्टर हिशोब बघायलेत, त्यांनी सांगितलं की घेऊ." डबी परत घ्यायला तो तयार नाही, म्हणे सील फोडलंय.

कडकभाकरी
ओएलएक्सवर टाक. "एकदाच झूम करून वाचलेली."

मंगळवेढेकरीण
फार बरं झालं. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी आणि डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. आणि मीठ कमी म्हणजे मेडिकलातलं "लो सोडियम" मीठ आणू नका हां, त्यात पोटॅशियम असतं, आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

सातरस्ता_सोलापूर
मावशी, तेच आणलंतं आज सकाळी. परत करतो. आणि एक शेवटचं, दाजी विचारायलेत भाजीतलं साधं मशरूम, ढिंगरी किंवा बटण, ते तरी चालतं का? त्यांना आवडतं.

नेफ्रॉन
पोटॅशियमचा रिपोर्ट येऊ दे. नॉर्मल असेल तर कधीमधी चालेल. मशरूममध्ये पोटॅशियम बऱ्यापैकी असतं, म्हणून चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणीला टाकायचं. बटाट्याचंही तसंच. पाकिटातला मसाला नको, मीठ असतं त्यात.

शेंगाचटणी
उकळून पाणी काढलेल्या मशरूमला दाण्याचं कूट लावलं तर चालतं का, का त्यातपण पोटॅशियम?

नेफ्रॉन
असतं. आणि फॉस्फरसपण. चमचाभर, वाटीभर नाही.

कडकभाकरी
सोलापूरकराला शेंगा चमचाभर म्हणणं म्हणजे डायलिसिसपेक्षा कडक.